रबरी गाय आणि कार्डाचा ठोकळा

वेंडेल क्रेब्सच्या खिशात गोंदाची नळी नाही असा दिवस गावाने पाहिला नव्हता. बँकेपुढच्या फरशीवर पाव डॉलरचं नाणं चिकटवायचं, समोरच्या बाकावर बसायचं आणि कोण कोण वाकतं ते बघायचं, हा त्याचा अठ्ठावन्नाव्या वर्षीही चालू असलेला उद्योग. पाद्रीबुवा तर दोनदा वाकले होते. पण जानेवारीत बायको गेली, आर्लीन, आणि तेव्हापासून नळी खिशात होती ती नुसती होती. बाहेर काढावीशी वाटली नव्हती. तसं काहीच वाटत नव्हतं म्हणा. दात काढायच्या आधी डॉक्टर गाल बधिर करतो ना, तसा तो अख्खाच्या अख्खा झाला होता.

मे महिन्यातला पहिला शनिवार उजाडला. कोर्टासमोरच्या चौकात शेतकऱ्यांच्या बाजाराची ही वर्षातली पहिली सकाळ. मेपलच्या झाडाखालची जागा एकोणीस वर्षं आर्लीनची होती. बाजाराचा नियम असा की माणूस गेलं तर जागा घरच्यांना मिळते, पण पहिल्या शनिवारी नऊच्या घंटेला टेबल मांडलेलं पाहिजे आणि कार्डही घेता आलं पाहिजे. हे कार्डाचं कलम गेल्या वर्षीचं. तळ्यावर सुट्टीला येणारी शहरी माणसं रोकड बाळगत नाहीत, नुसते वास घेऊन निघून जातात, म्हणून समितीने घातलेलं. यातलं काही हुकलं की जागा यादीतल्या पहिल्याला.

यादीतला पहिला कर्बी. बकरीच्या दुधाचे साबण करायचा. चार वर्षं वाट बघत होता. आताही रस्त्याच्या कडेला आपली गाडी लावून उभा होता, टोपी हातात, मयताला आल्यासारखा.

जागा कशाला हवी असं वेंडेलला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्या झाडाखाली दुसऱ्याचं टेबल दिसू नये, एवढंच.

त्याने रूबार्बच्या आंबट देठांच्या जॅमच्या आणि बिटाच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या. सगळ्या तिनेच भरलेल्या, झाकणांवर तिच्याच हातच्या चिठ्ठ्या. मग आर्लीनचा फोन काढला. त्याचा स्वतःचा फोन जुना, घडीचा; त्याला कार्डबिर्ड काही कळायचं नाही. आणि मग काढला कार्ड घासायचा ठोकळा, कोरा करकरीत. टपालाच्या तिकिटाएवढी पांढरी डबी, मध्ये फट, खाली हेडफोनची काडी. काडी फोनच्या भोकात खुपसायची आणि फटीतून कार्ड ओढायचं, झालं काम.

पण काडी आत जाईना.

आर्लीनच्या फोनवर कव्हर म्हणून एक जाडजूड रबरी गाय चढवलेली होती, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. हेडफोनचं भोक यायचं नेमकं तिच्या शेपटीखाली. वेंडेलने ठोकळा दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. ठोकळ्याचे खांदे रबराला अडत होते. काडी अर्धीच आत जायची आणि फोनवर अक्षरं यायची: ठोकळा जोडलेला नाही.

शेजारची अंडीवाली ग्लेनिस मान वाकडी करून बघत होती. "काय रे वेंडेल, गाभण आहे का बघतोयस?"

"जात नाही आत."

"मग ती गाय काढ ना आधी!"

"निघत नाही."

"का निघत नाही?"

"मी चिकटवलीय."

ग्लेनिसने अंड्यांचा खोका खाली ठेवला. "तू म्हणजे ना!"

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. ती गाय आर्लीनला तिच्या बहिणीने दिलेली. आर्लीनला ती बघवायची नाही. बहीण परत गेली की काढून फेकणार होती. वेंडेलने एक एप्रिलच्या पहाटे आतून चारी बाजूंनी गोंद लावला आणि ताणून बसवली. मग तो स्वयंपाकघरात कॉफी घेऊन थांबला, आता ओरडेल, मग ओरडेल. ती ओरडलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दोन वर्षांत नाही. फोन उचलायची, बोलायची, ठेवायची. जशी काही गाय जन्मापासून तिथेच होती. वेंडेलच्या आयुष्यातला सगळ्यात फुसका बार तो.

"कापून टाक," ग्लेनिस म्हणाली. "पावणेनऊ झालेत. बेव्ह निघाली बघ."

बेव्ह बाजाराची व्यवस्थापक. हातात पितळी घंटा, आधीच वाजू नये म्हणून आतला लोलक बोटांनी धरलेला. एकेका टेबलाशी थांबत, वहीत खुणा करत येत होती.

वेंडेलने सुरीसाठी आर्लीनचा पत्र्याचा डबा उघडला. सुरी होती. त्याने गायीच्या मानेला पातं लावलं. लावलं ते लावलंच. हात पुढे सरकेना. वाईट वाटत होतं म्हणून नाही हो. वाटत काहीच नव्हतं. हात सरकत नव्हता, बस.

"अरे, खाटीक असा उभा राहिला तर गाव उपाशी मरेल," ग्लेनिस म्हणाली, पण हळू.

त्याने सुरी परत डब्यात टाकली, तर खाली काहीतरी खरखरीत लागलं. नखं घासायची कानस. त्याने ती बाहेर काढली. आर्लीन नखं दातांनी कुरतडायची, चाळीस वर्षं तो तिला त्यावरून चिडवत आलेला. तिला कानस कशाला? आणि कानशीच्या खाचांत पांढरी भुकटी बसलेली.

त्याने ती बोटांत चोळली. प्लास्टिकची.

मार्चमध्ये तिची औषधं टाकून दिली त्याच पिशवीत त्याने तिचा जुना ठोकळाही टाकला होता. खांद्यांपाशी कुरतडलेला, उंदराने खाल्ल्यासारखा. खराब झाला म्हणून टाकला आणि नवा मागवला. पण उंदीर काही दोन्ही खांदे सारख्या मापाने कुरतडत नाही.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "तिने हे घासलं होतं?"

"मग! गेल्या वर्षी कार्डाचं कलम आलं, तेव्हा पहिल्याच शनिवारी. इथेच बसून, माझ्या रिकाम्या खोक्यावर." ग्लेनिस दुसरीकडे बघत बोलली. "मला म्हणाली, त्याला सांगायचं नाही. मी तक्रार केली की तो जिंकला."

वेंडेल त्याच खोक्यावर बसला आणि घासायला लागला. डावा खांदा दहा वेळा, उजवा दहा वेळा, लावून बघ, परत घास. पांढरी भुकटी त्याच्या पँटवर पडत होती. बेव्ह येऊन उभी राहिली.

"वेंडेल, कार्ड?"

"होतंय."

"मला नऊला घंटा द्यावीच लागते रे. आणि नियम सगळ्यांना सारखा. कर्बीलापण."

"दे घंटा."

तिने लोलक सोडला. घंटा वाजली, चौकात माणसं हलली. ठोकळा गायीच्या शेपटीखाली बारीक कट् करून आत बसला.

"आता एका गिऱ्हाइकाचं कार्ड चालवून दाखव," बेव्ह म्हणाली.

तेवढ्यात कर्बी पुढे आला. कानापर्यंत लाल झालेला. त्याने कार्ड धरलं. "एक जॅम."

"तू?" ग्लेनिस किंचाळली. "अरे वेड्या, हा नापास झाला तर जागा तुझी!"

"मला जॅम हवाय," कर्बी जमिनीकडे बघत म्हणाला.

वेंडेलने कार्ड ओढलं. कार्ड वाचता आलं नाही. पुन्हा ओढलं. नाही.

"आवाज!" ग्लेनिस म्हणाली. "फोनचा आवाज पूर्ण वाढव. त्याशिवाय तो ठोकळा जागाच होत नाही. आणि असं गोंजारू नकोस, झटक्यात ओढ, काडी पेटवल्यासारखं."

त्याने आवाज पूर्ण वाढवला. झटक्यात ओढलं. फोनवर क्षणभर चाक फिरलं, आणि हिरवी खूण आली. वर नाव: आर्लीनच्या बरण्या. कर्बीने काचेवर बोटाने सही केली, ती कोंबडीने उकरल्यासारखी उमटली. बेव्हने वहीत खूण केली, वेंडेलच्या खांद्याला हात लावला आणि पुढच्या टेबलाकडे गेली. कर्बी बरणी छातीशी धरून गाडीकडे निघाला.

"हस की मेल्या," ग्लेनिस म्हणाली. "दोन वर्षं बनवलं तिने तुला. तुला!"

वेंडेलने प्रयत्न करून बघितला. तोंड थोडं हललं, पुढे काही झालं नाही. त्याने खिशातून गोंदाची नळी काढली, दाबली. सुकून दगड झाली होती. ती त्याने झाडाच्या बुंध्याशी टाकली. कानशीवर भुकटीचा थर होता, त्यातली कुठली जुनी न् कुठली आत्ताची, कळत नव्हतं. ती न झटकताच त्याने डब्यात ठेवली.

उन्हाची टोपी घातलेली एक बाई टेबलापाशी थांबली होती.

"कार्ड चालतं का हो?"

"चालतं," वेंडेल म्हणाला.