दहा पावलं

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान चाळीस वर्षं एका नियमावर चाललं. ज्याच्या अंगावर कपडा चढायचा, तो समोर उभा राहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. कुणी बायकोचं माप तोंडी सांगू लागला, की मास्तर हात जोडायचे, "वहिनींनाच पाठवा." मास्तर कापायचे आणि मास्तरीणबाई शिवायच्या.

दारावर पाटी असायची, 'दुपारी एक ते दोन बंद'. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तरांचा जेवणावर भारी जीव! माडीवर जेवण दहा मिनिटांत उरकायचं. उरलेली पन्नास मिनिटं त्या दोघांची असायची, अगदी साठी उलटेपर्यंत.

मग मास्तरीणबाईंना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनला आता सात महिने झाले होते. लघवीसाठी पोटावर बसवलेल्या पिशवीला त्यांनी स्वतःच मऊ कापडाच्या दोन खोळी शिवल्या, एक निळी, एक पिवळी. तेवढं निभावलं. पण मागच्या आठवड्यात मास्तर जवळ आले तेव्हा अशी कळ उठली, की बाईंनी उशी दातांत धरली.

म्हणून आज त्यांनी तपासणीत नर्सला सरळच विचारलं. नर्सने फाईल चाळली.

"मावशी, मूत्राशयाबरोबर योनीची पुढची भिंतही काढलीय. आत जागा कमी झालीय, म्हणून दुखतं."

"ती काढायलाच हवी होती?"

नर्स जरा घुटमळली. "तुमची गाठ लहान होती. वाचवायचा प्रयत्न करता आला असता. पण इथे लिहिलंय, पतीशी चर्चा झाली, आवश्यकता नाही."

शेजारी बसलेले मास्तर जमिनीकडे बघत राहिले.

 परत दुकानात शिरल्याबरोबर बाईंनी शटर खाली ओढलं.

"काय चर्चा झाली?"

"डॉक्टर म्हणाले, या वयात काय करायचंय ठेवून. मी म्हटलं, जीव वाचवा, बाकी काय ते काढा."

"आणि मी कुठे होते?"

"तू... शेजारच्या खोलीत. तुझं रक्त काढत होते."

"म्हणजे दहा पावलांवर! अहो, गळ्याच्या अर्ध्या इंचासाठी तुम्ही लोकांच्या बायकांना गावभर पायपीट करायला लावलीत. माझ्या वेळी दहा पावलं जड झाली तुम्हाला?"

"घाबरलो होतो गं."

"मग मी काय नाचत होते?" त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि खणात आदळली. "त्या डॉक्टरने तुम्हाला स्वतःबद्दल असं विचारलं असतं, तर म्हणाला असतात, काढा?"



नर्सने एक मलम, व्यायामाचा कागद आणि लहानमोठ्या गुळगुळीत नळ्या दिल्या होत्या. आतली जागा हळूहळू सैल करायला सर्वांत लहान नळीपासून सुरुवात, रोज थोडा वेळ. पूर्वीसारखं होईलच असं नाही, पण बरंच परत येतं, असंही तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता बाईंनी जुनी पाटी पुसून दारावर लावली. मास्तरांचा चेहरा उजळला. ते जिन्याकडे निघाले.

"तुम्ही कुठे? बसा खाली."

महिनाभर त्या तासाला बाई एकट्या माडीवर व्यायाम करायच्या आणि मास्तर खाली बंद दुकानात स्टुलावर बसायचे. बाईंचा राग गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण एका दुपारी त्यांनी वरून हाक मारली, "अहो, या वर."

मास्तर धावत चढले आणि उंबऱ्यावरच थांबले.

"आत येऊ?"

"आता आठवलं विचारायचं!" बाई कडाडल्या. मग थोडं सरकून त्यांनी पलंगावर जागा केली.