वजा केलेला उन्हाळा

मी हँडलचं गणकयंत्र बोलतोय. नाव मोठं, काम साधं. खटक्यांवर आकडा लावायचा. हँडल पुढं फिरवलं की बेरीज, मागं फिरवलं की वजाबाकी. कुठल्याशा थंड देशात माझं पोलाद ओतलं गेलं आणि नशिबी आलं सोलापूर, जिथं एप्रिलमध्ये मला हात लावला तर चटका बसतो.

सात रस्त्याजवळच्या एका आकडेवारीच्या कचेरीत मी आलो. आधीच्या कारकुनानं माझ्यावर कपबशी ठेवायची सवय लावून घेतली होती. मग रत्नम्मा आली. गणितात पदवी, नवी नोकरी आणि घरी दहा महिन्यांची अक्कू. रत्नम्मा प्रत्येक बेरीज पुन्हा करायची. आधी माझ्यावर विश्वास नाही म्हणून, मग स्वतःवर नाही म्हणून. मला राग आला नाही. इतकं मनापासून माझ्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आरंभी आबासाहेबांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, काम दिलं. जिल्ह्यातल्या बालकेंद्रांत तोललेल्या तान्ह्या मुलांची सरासरी वजनं, सत्तर सालापासूनची, महिनावार. अशा आकड्यांत तीन गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात: वर्षानुवर्षांचा कल, ऋतूचा चढउतार, आणि ज्याला कारण सापडत नाही ते उरलेलं. बारा महिन्यांची सरासरी पुढं पुढं सरकवत नेली की कल दिसतो, मग ऋतू वेगळा निघतो. उरलेला हिवाळाभर तिनं मला फिरवलं. निघालं ते असं, की मुलं उन्हाळ्यात हलकी होतात आणि दिवाळीपर्यंत भरतात.

आबासाहेब खूश झाले. "रत्नम्माबाई, हे कोष्टक प्रत्येक केंद्रात भिंतीवर लावू. आया उगाच घाबरतात."

"घाबरण्यात माझा पहिला नंबर आहे, साहेब," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. अक्कूला शिंक आली तरी ती दवाखाना गाठायची, आणि घरचे हसायचे.

दुपारी गिरणीचा भोंगा झाला की तिची सासू चंद्रव्वा अक्कूला पाजायला मागच्या व्हरांड्यात घेऊन यायची. माझं टेबल त्याच खिडकीशी.

"रत्ना, पोरगी लई हलकी लागाय लागलीया. डाक्टरला दावू की."

"अत्ते, उन्हाळा आहे. सगळीच मुलं उतरतात."

"आमच्या पोरी न्हाई उतरल्या अशा."

"तुम्ही तोलल्या होत्या का?"

"तोलाय त्या काय जवारी हाय व्हय?" चंद्रव्वा हसली. मग पोरीच्या तोंडावरचा पदर सारखा करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू शिकल्याली. तुला जास्त कळतंय."

तेवढ्यावर रत्नम्माचं समाधान होतं असं नाही. आत येऊन तिनं अक्कूच्या वजनातली घट माझ्या खटक्यांवर लावली, तीतून उन्हाळ्याची घट वजा केली. उरलं जवळजवळ काहीच नाही. तिनं श्वास सोडला. मे महिन्यात पोरगी आणखी उतरली. पण कोष्टकातला मेही तसाच खोल होता. पुन्हा वजाबाकी, पुन्हा सुटकेचा श्वास. भीती वाटली की ती माझ्याकडं यायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती शहाण्या बाईसारखी वागत होती, आणि तिला शहाणं करणारा मी होतो.

जूनमध्ये अक्कूचा ताप हटेना. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. क्षय निघाला, खूप पसरलेला. "वजन उतरतंय हे दिसलं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "दिसलं होतं," रत्नम्मा म्हणाली.

आषाढ संपायच्या आत अक्कू गेली.

रत्नम्मा कामावर परतली तेव्हा तिनं मला हात लावला नाही. जुने आकडे पुढ्यात घेऊन नुसती रकान्यांच्या डोक्यावरच्या सालांकडं बघत बसली. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. मग उठून आबासाहेबांपुढं उभी राहिली.

"साहेब, ते कोष्टक मागं घ्या."

"का? गणित चुकलं?"

"नाही. गणित बरोबर आहे. पण ती सालं दुष्काळाची होती. ह्या मुलांच्या आया उन्हातान्हात खडी फोडत होत्या. त्यांच्या अंगावर दूध नव्हतं. पोरं उपाशी होती, साहेब. मी त्याला ऋतू म्हटलं."

आबासाहेबांनी कोष्टक पुढ्यात ओढलं. "बाई, कोष्टकं छापून गेली. परत कशी मागवू? आणि ती सालं वगळली तर मागं उरतं काय?"

उरत होतं एकटं चौऱ्याहत्तर. एका सालातून ऋतू निघत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

सुट्टी काढून ती करकंबच्या केंद्रात गेली, निदान तिथलं तरी उतरवावं म्हणून. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "असू द्या की बाई, लई उपयोगी हाय. बाया शांत होऊन घरी जात्यात." त्यानंतर रत्नम्मानं नोकरी सोडली.

आता टेबलावर बटणांचं, विजेवर चालणारं यंत्र आलंय. मी कपाटावर पडून आहे; हँडल गंजून अडकलंय, आणि ते सुटू नये असंच वाटतं. वजाबाकी मी चोख करतो. कुणाचं काय वजा होतंय, ते मला कधी कळलं नाही.

कोष्टक मात्र भिंतींवर तसंच आहे. ह्या उन्हाळ्यातही अकलूजला नाहीतर अक्कलकोटला एखादी आई म्हणत असेल, पोरगी हलकी लागतेय. आणि कुणीतरी भिंतीकडं बोट दाखवत असेल. बाई, तिकडं बघू नका. पोरीला उचला आणि दवाखाना गाठा.