मौनातला नमस्कार

चातुर्मासात सकाळी उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मी बोलत नाही. हे अकरावं वर्ष. घरच्यांना सवय झाली आहे आणि आमच्या चित्रकलेच्या वर्गालाही. समाजमंदिराच्या माडीवर दर गुरुवारी सकाळी यादव सर शिकवतात. काही सांगायचं असलं की मी वहीत लिहून दाखवते.

छाया माझ्या शेजारी बसायची. मखमलाबादकडची, झेंडूचा मळा असलेल्या घरातली सून. दसरा तोंडावर, तोडणी जोरात आणि ही दोन तास इकडे येते, म्हणून सासू, नवसाबाई, चिडलेल्या. "तुमच्या वर्गाच्या परदर्शनात येऊन बघते काय दिवे लावते ते. नायतर बास झालं तुझं," असं त्यांनी बजावलं होतं. ब्रश धुता धुता छायानंच मला सांगितलं.

सरांनी तिच्याच मळ्यातल्या झेंडूची टोपली मांडून आम्हाला चित्र काढायला लावलं होतं. माझी फुलं सगळी गोल, सारखी. तिची एकमेकांवर दबलेली, तळाची दोन काळवंडलेली. बघताना झेंडूचा कडवट वास यायचा.

प्रदर्शनाच्या सकाळी पाहते तर आमच्या नावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली. छायाच्या चित्राखाली 'सुधा'. सर शिडीवर चढून खिळे ठोकत होते. म्हटलं, उतरले की लिहून दाखवू. तेवढ्यात समईत तेल घालायला कुणी हाक मारली आणि मी गेले. पण खरं सांगते, मधूनमधून वळून बघत होते. माझ्या नावावर ते चित्र मला शोभत होतं.

साडेदहाला पाहुण्या बाई आल्या. त्या चित्रासमोर थांबल्या. "हे कुणाचं?"

"सुधाकाकूंचं," चिठ्ठी वाचून सर म्हणाले. सरांचंही लक्ष नव्हतं. "काकूंचं मौन असतं हं दुपारपर्यंत."

बाई माझ्याकडे वळून हसल्या. मी हात जोडले.

मागे नवसाबाई उभ्या होत्या. "ह्या बाईनं फुलं पाह्यली हायेत बरं का," त्या छायाला म्हणाल्या. "आन् तुझं हे? कागदाची फुलं हायेत का ही? मळ्यात राहून तुला झेंडू दिसला नाय व्हय गं?"

छायानं चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून वही काढली. तिनं माझा हात धरला.

"राहू द्या काकू. चारचौघांत तुम्हालाच खाली बघावं लागंल."

मी वही परत ठेवली. नवसाबाई सुनेला घेऊन जिना उतरल्या.

दुपारी नैवेद्य झाला. आता मी बोलायला मोकळी होते. फोन समोरच होता. यजमानांनी विचारलं, "कसं झालं प्रदर्शन?"

"छान झालं," मी म्हटलं. मौन सुटल्यावरचं माझं पहिलं वाक्य ते.

संध्याकाळी जप करताना माळ पुढे सरकेना. दुसऱ्या दिवशी सातलाच रिक्षा करून मळ्यावर गेले. दोघी सासूसुना तोडणी करत होत्या. मी बांधावर उभी राहिले आणि अकरा चातुर्मासांत पहिल्यांदा सकाळी तोंड उघडलं.

"नवसाबाई, काल तुम्हाला आवडलं ते चित्र छायाचं होतं. माझं दुसरं. कागदाच्या फुलांचं."

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मंग काल का नाय बोलल्या?"

"मौन होतं."

"दिसभर?"

मी मान खाली घातली.

नवसाबाईंनी ओच्यातली फुलं क्रेटमध्ये ओतली. "छाया, बेस्तरवारी जा तू वर्गाला. पन या बाईच्या शेजारी बसू नको."

छाया वाकून तोडत राहिली. मला वाटलं होतं, ती एकदा तरी वर बघेल. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी मी बांधावरच उभी होते.