पिंजणाची तांत

चपला काढायची काही गरज नव्हती. मधुसूदनभाऊंनी तसं दोनदा सांगितलं, पण मोहिउद्दीन पिंजाऱ्याने ऐकलं नाही. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्याला चपला काढायलाही वेळ लागायचा. भिंतीला डावा हात टेकून त्याने त्या उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मग कुठे आत पाहिलं. मागे त्याचा मुलगा नौशाद गाडीची किल्ली बोटांत फिरवत उभा होता. बाप आत जाऊन काय बोलेल याची त्याला धास्ती होती.

ढाणकीतलं हे संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनातली वजनकाट्याची खोली आणि तिला लागून एक पडवी. कचेरीतून निवृत्त झाल्यावर मधुसूदनभाऊंनी घरोघर फिरून माळ्यांवरची अडगळ गोळा केली आणि इथे आणून मांडली. भाऊ आता भंगाराचं दुकान टाकणार, असं गाव हसत म्हणालं. कर्जापायी शेतकरी जीव देत होते त्या सालांत कापसाचं नाव काढलं की माणसं मान खाली घालायची, तिथे जुन्या जिनात जाऊन कोण काय बघणार, असंही म्हणालं. नौशाद मात्र हसला नाही. त्याने बापाचं पिंजण, कापूस पिंजायचं ते धनुष्यासारखं लाकडी अवजार, बापाला न विचारता नेऊन दिलं.

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. मोहिउद्दीन एका अंगणात गादीचा कापूस पिंजत असतानाच कोसळला होता. नौशादने बापाला दवाखान्यात नेलं, पिंजण घरी आणलं आणि कोपऱ्यात उभं केलं. तो स्वतः फोमच्या गाद्या विकायचा. लग्नातसुद्धा लोक आता त्याच मागायचे. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि रोज ते पिंजण बघून अब्बा भिंतीकडे तोंड करून निजायचे, तेही त्याला बघवत नव्हतं. पण ते घरातून गेलं त्या दिवसापासून जेवलास का, गोळी घेतली का, यापलीकडे बापलेकांत शब्द उरला नव्हता.

आज मोहिउद्दीन आला होता तो आपलं पिंजण परत न्यायला. आणाल तर ठेवाल कुठे, असं निघताना बायकोने, जुबैदाने, विचारलं, तेव्हा तो गाडीकडे चालू लागला होता.

तो आत आला आणि ज्या तोऱ्यात आला होता तो तोरा दारातच गळून पडला. एका अंगाला चामड्याची मोट होती, पेरणीची लाकडी पाभर होती, लमाणी बाईची आरशांची चोळी, कांचळी, होती. कापसाच्या बाजाराचा एवढा मोठा जुना फोटो होता की त्यातले बैल अंगावर येतील असं वाटावं. गाड्यांची रांग पार फोटोबाहेर गेलेली. ही सगळी वापरातली, हाताखालची चीजवस्तू. पण अशी मांडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, खिडकीच्या उजेडात, त्याचं पिंजण होतं.

मोहिउद्दीन बघतच राहिला. उभा जन्म त्याने ते खांद्यावर वागवलं होतं, आणि खांद्यावरची वस्तू माणसाला कधी पुरती दिसत नाही. ते इतकं लांब असेल, त्या लाकडाचा बाक इतका देखणा असेल, हे त्याला आज कळत होतं. मधोमध, बापाच्या आणि आज्याच्या मुठीने झिजून पडलेला खळगा चकाकत होता.

"लय मोठं दिसून राह्यलं," तो हळूच म्हणाला.

शाळेची पोरं येतात ती आधी त्या खळग्यातच हात घालून बघतात, असं मधुसूदनभाऊंनी सांगितलं. मोहिउद्दीनने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला गरजही वाटली नाही. मग तो आणखी जवळ गेला आणि त्याचा चेहरा बदलला. पिंजणाची तांत, ती आतड्याची वळलेली दोरी, ताणलेलीच होती.

पिंजाऱ्याच्या घरी काम संपलं की तांत उतरवून ठेवतात. तशीच ताणलेली ठेवली तर लाकडाला रात्रभर आराम नाही. एकदा उतरवली की त्या दिवशी ती पुन्हा कोणासाठी चढवायची नाही. मग दारात कोणी गादी घेऊन येवो, मोहिउद्दीनचं उत्तर ठरलेलं असे: तांत उतरवली बाई, आता उद्या. नौशादला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्या घडीला बाप पडला, त्या घडीपासून पिंजण कामावरच होतं.

मोहिउद्दीनने ते खाली काढायला सांगितलं. मधुसूदनभाऊंनी क्षणभर खिळ्याकडे पाहिलं. भिंत आता रिकामी दिसणार हे त्यांना कळलं होतं.

"तुमचंच हाय, मोहिउद्दीनभाऊ. नेत असान तं न्या," एवढं बोलून त्यांनी ते उतरवलं.

मोहिउद्दीनने ते नौशादच्या खांद्यावर द्यायला लावलं. पोराने आयुष्यात पहिल्यांदा ते उचललं होतं. त्या वजनाने तो वाकला आणि बापाकडे बघू लागला. बापाने पिंजणाजवळच ठेवलेला लाकडी मुठिया, तांत वाजवायचा तो ठोकळा, डाव्या हातात घेतला आणि तांतीवर एकदाच मारला.

तो आवाज खोलीत मावला नाही. मोटीवरून, फोटोतल्या बैलांवरून, पत्र्यांवरून घुमत तो गल्लीत गेला. नौशादला तो खांद्यातून हाडापर्यंत जाणवला. पिंजारी कधी हाळी देत नसे. हाच आवाज करत तो गल्लीतून जायचा आणि बाया गाद्या बाहेर काढायच्या. आवाज विरेपर्यंत तिघेही जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळाने दारात समोरच्या घरातली मथुराबाई उभी राहिली. जुनी, गोळे झालेली गादी गुंडाळून तिने डोक्यावर घेतली होती.

"म्या म्हटलं, पिंजारी आला," ती म्हणाली. "काहून इतके दिवस आले नाही, भाऊ? वाट पाहून राह्यलो होतो."

मोहिउद्दीनने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या लोंबत्या उजव्या हाताकडे, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे. त्याने नौशादला पिंजण खाली टेकवायला सांगितलं. टोकाची गाठ त्याला एका हाताने सुटत नव्हती, म्हणून त्याने पोराचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. आधी इकडून, मग वरून, असं तो हलक्या आवाजात सांगत गेला आणि नौशाद सोडवत गेला. तांत सैल पडली. लाकूड किंचित करकरलं आणि गप्प झालं.

"लावा आता भिंतीवर," तो मधुसूदनभाऊंना म्हणाला. मग दाराकडे वळला.

"तांत उतरवली, बाई."

पुढच्या 'उद्या' या शब्दाची वाट बघत मथुराबाई थोडी थांबली. तो आला नाही. तिने डोक्यावरची गादी नीट केली आणि ती परत गेली.