टोक बाहेर

सबीनाने डुकराची चरबी चोळचोळून अंगठी ओढली, तेव्हा बोटाचं साल निघालं. सत्तावीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं बोट ते. समुद्राने नेलेल्या नवऱ्याचं दुःख तिने सहा वर्षं मनापासून केलं होतं, आता पुरे. डाव्या हातातली अंगठी तिने उजव्यात चढवली, तिच्यावरच्या दोन पंजांनी धरलेल्या सोन्याच्या काळजाचं टोक नखाकडे फिरवलं आणि टोपली घेऊन मासळीबाजारात जाऊन बसली.

क्लाडाच्या कोळीवाड्यातल्या बायकांना सांगावं लागत नाही. टोक मनगटाकडे, तर काळीज कुणाचं तरी झालेलं. बाहेर, तर मोकळं. तिची अर्धी टोपली विकली जायच्या आत बातमी धक्क्यावर पोचली आणि धाकटा दीर कोलमन तरातरा आला.

"वहिनी, कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी हे फिरवलंत तो!"

"कुणी नाही. माझं काळीज माझ्याकडे परत आलंय, एवढंच."

हे त्याला पटण्यासारखं नव्हतंच. कुणी पुरुष असता तर निदान त्याला बडवता आलं असतं.

"टोक आत करा," तो म्हणाला, "नाहीतर आमच्या होडीतला एक मासा तुमच्या टोपलीत पडणार नाही."

 दुसऱ्या कुणाची होडी सबीनाला मासळी देणार? पण तिने हात मागे घेतला नाही.

"भावजी, ही अंगठी माझ्या आईची, तिच्या आईची. तुमच्या भावाने दिलेली नाही. आणि अशी पहिली अंगठी ज्याने घडवली तो चाच्यांच्या गुलामीतून सुटून घरी आला होता, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सुटलेल्या माणसाची अंगठी, आणि तुम्ही तिची बेडी करता? हिंमत असेल तर स्वतः फिरवा!"

तिने हात थेट त्याच्या नाकासमोर धरला. सगळा बाजार बघत होता. कोलमनला बोट लावायचा धीर झाला नाही.

शेजारच्या टोपलीमागून त्याची आई ओनोरा उठली. चाळीस वर्षं वैधव्यात काढलेली, दिवसाला दोन शब्द बोलणारी.

"आई, आता तूच सांग हिला!"

म्हातारीने तोंडातला पाइप काढला. "होडी माझ्या नवऱ्याची आहे, कोलमन. मासळी हिच्या टोपलीत पडेल."

मग तिने आपला डावा हात सुनेपुढे पसरला.

"सबीने, चरबी उरलीय का गं? माझीही अडकलीय."