औषध खुणेखाली गेलं

मी बाटली आहे. हिरव्या काचेची, वीतभर उंचीची. पण मला दारूची बाटली समजू नका, त्या गैरसमजाने मी जन्मभर वैतागले आहे. माझ्या पोटात बंदूक पुसायचं औषध होतं. विलायती. पिकलेलं केळं रॉकेलमध्ये कालवलं तर जसा वास येईल, तसा माझा वास. तो ज्याला आवडला त्याला कायमचा आवडला, बाकीच्यांनी नाक दाबून लांब पळावं.

कायमचा आवडलेला माणूस गावात एकच होता, हवालदार बाबली परब. पलटणीत वीस वर्षं काढून मालवणपासून दोन कोसांवरच्या आपल्या गावी परतलेला. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि नजर कायम समोरच्याच्या खिशावर. शेताच्या राखणीसाठी त्याला एकनळी बंदुकीचा परवाना मिळाला होता आणि ती बंदूक पुसायला त्याला माझ्या जातीचंच औषध लागायचं. त्याच्या साहेबाने त्याला तसं शिकवलं होतं. गोळी झाडली की त्या दिवशी नळी पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गजाला चिंधी गुंडाळायची, माझे चार थेंब टाकायचे आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत हात थांबवायचा नाही.

आमच्या किनाऱ्यावरचा खारा वारा लोखंडाला जगू देत नाही. पण गावातले बाकीचे बंदूकवाले नळीत खोबरेल फिरवून मोकळे व्हायचे. ते पाहिलं की बाबलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"खोबरेल केसांक लावतत, बंदुकेक नाय!" तो ओरडायचा.

मी छप्पन्न साली मुंबईहून त्याच्या ट्रंकेतून आले. दोन वर्षांनी त्याने पुढची बाटली मागवली, तेव्हा दुकानदाराचं पत्र आलं की विलायतेहून माल यायचा बंद झाला आहे, दुसरं एक देशी औषध पाठवू का? बाबलीने ते पत्र फाडून टाकलं. म्हणजे आता त्याला जगात मी एकटीच उरले होते. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. त्याची बायको सत्यवती माझ्याकडे बोट दाखवून शेजारणींना म्हणायची, "ही बघा माझी सवत. हिका तरी रोज पुसतत." सगळे हसायचे. मी मनातल्या मनात फुगायचे.

त्याच साली माझं मूळचं बूच तुटलं. बाबलीचा धाकटा भाऊ गुरुदास अंगणापलीकडच्या खोपीत बायको यशोदेबरोबर राहायचा. शेतात राबणारा, मऊ बोलणारा गडी. दादाचा चेहरा उतरलेला पाहून तो किनाऱ्यावर गेला, जाळी पाण्यावर तरंगावीत म्हणून कोळी जे हलकं लाकूड बांधतात त्याचा एक तुकडा घेऊन आला आणि अख्खी दुपार बसून त्याने कोयत्याने तासून माझ्यासाठी नवं बूच केलं. असं घट्ट बसलं की बाबलीसुद्धा म्हणाला, "बरा जमला रे तुका."

मला मात्र ते बूच पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. काहीतरी खरखरीत तोंडात कोंबल्यासारखं वाटायचं. गुरुदासाबद्दलही माझ्या मनात किंतु आला. एवढी दुपार घालवायला याला माझं काय पडलं होतं? आपल्या माणसासारखी आपली नजर होते म्हणतात, तसं माझं झालं असावं.

औषध जपून वापरायचं म्हणून बाबलीने माझ्या अंगावरच्या कागदावर खिळ्याने खूण करायला सुरुवात केली. दर रविवारी तो मला खिडकीशी उचलून धरायचा, एक डोळा मिटून पातळी बघायचा आणि रेघ ओढायचा. असं धरलं की मला आपण कचेरीत हजेरी देतोय असं वाटायचं.

मग आला एकोणसाठ सालचा चैत्र. बाबलीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. मुंबईला बहिणीकडे राहून तो काढायचा ठरलं. दोन महिने लागणार होते. निघताना त्याने बंदूक पुसली, कपाटाला कुलूप घातलं, चावी सत्यवतीकडे दिली आणि माझ्यावर ताजी खूण केली. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून खुणेवर बोट ठेवून भावाला दाखवली.

"हयसर आसा. लक्षात ठेव."

"माका कित्या दाखवतंस, दादा?" गुरुदास हसून म्हणाला.

"असाच."

दोन महिने ऊन असं तापलं की कपाटाचं लाकूडसुद्धा कडकड वाजायचं. मला हलकं हलकं वाटू लागलं. रोज थोडंसं. कोणी कपाट उघडत नव्हतं, कोणी मला हात लावत नव्हतं, तरी माझ्यातलं काहीतरी कमी होत होतं. मी सगळ्यांचा संशय घेतला. सत्यवतीचा घेतला, कपाटातल्या झुरळांचा घेतला, शेवटी बंदुकीचासुद्धा घेतला. काही उमजेना.

बाबली परत आला. काळा चष्मा लावूनच त्याने कपाट उघडलं, मला खिडकीशी नेलं, चष्मा वर केला. औषध खुणेखाली दोन बोटं गेलं होतं.

 त्याने मला जागेवर ठेवलं आणि तो चौकशीला बाहेर पडला. चौकशीत कळलं ते असं, की तो नसताना गुरुदासाच्या भुईमुगाच्या शेतात एक रानडुक्कर मारला गेला आणि त्याची मागची मांडी गुरुदासाच्या घरी शिजली.

आमच्याकडे शिकारीचे वाटे ठरलेले असतात. हाकाऱ्यांना सारखे वाटे, शेतवाल्याला मूठभर जास्त. पण मागची मांडी जाते बंदुकीला, म्हणजे बंदूक ज्याची त्याच्या घरी. मग गुरुदासाकडे मांडी आली कशी?

गुरुदासाने सरळ सांगितलं. डुक्कर गावातल्या तुकारामाने मारला, त्याच्या स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीने. मांडी त्याचीच. पण त्याच दुपारी त्याच्या घरी चुलता गेल्याची बातमी आली. सुतकात मटण शिजत नाही, म्हणून त्याने मांडी इकडे धाडली. तुकारामानेही तेच सांगितलं.

"तुकाराम तुझो दोस्त," बाबली म्हणाला. "तो आणि काय सांगतलो?"

"दादा, माका बंदूक होयी आसती तर मी तुझ्याकडे मागलंय नसतंय?"

"मागलंस तरी मी दिलंय नसतंय. म्हणान तू मागूक नाय."

परवाना एकाच्या नावाचा असतो, दुसऱ्या हाताने बार काढला तर बंदूक सरकारजमा. बाबलीला ती भीती होतीच. पण मला वाटतं त्याहून जास्त त्याला हे लागलं की चोराने बंदूक वापरली आणि वर माझं औषध घालून पुसून ठेवली. म्हणजे चोर घरचाच, सत्यवतीकडून चावी मिळवू शकणारा, त्याचीच रीत शिकलेला. आणि ती रीत त्याने एकाच माणसाला शिकवली होती.

पुढच्या सोमवारी गुरुदास देवळात गेला. बाबलीने सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून गेला. गावकऱ्यांसमोर देवापुढे नारळ ठेवून म्हणाला, "मी दादाच्या बंदुकेक नि त्या औषधाक हात लावूक नाय. लावलो आसलो तर ह्यो हात झडान जांव दे." गुरवाने देवाला हाक मारून गाऱ्हाणं घातलं.  आमच्या गावात यापुढे कोणी बोलत नाही. वाद तिथे संपतो.

बाबली घरी आला आणि पुन्हा मला खिडकीशी धरून उभा राहिला. सत्यवती दारात आली.

"झाला ना आता? भावजींनी नारळ ठेवल्यानी."

"देवाक भूल घालता येता," तो म्हणाला. "बाटलेक नाय."

मी ऐकलं आणि खरं बोलायचं तर सुखावले. देवापेक्षा माझी साक्ष मोठी ठरली होती. माझ्यासारख्या वस्तूच्या वाट्याला असा मान येत नाही. आज ते आठवलं की लाजेने काच तडकेल असं वाटतं. मला नक्की माहीत होतं की गुरुदासाने मला हात लावला नव्हता. बाकी काही कळत नव्हतं, पण एवढं ठाऊक होतं.

ते वाक्य अंगणापलीकडे गेलं. पंधरा दिवसांत गुरुदास यशोदेला घेऊन शिरोड्याला निघून गेला, तिच्या मामाच्या माडांच्या बागेत राखणदार म्हणून. जाताना तो सत्यवतीच्या पाया पडला. बाबली आत बंदूक पुसत बसला होता. त्याचा हात थांबला नाही.

आता चोर गेला म्हटल्यावर बाबलीने निवांत व्हावं की नाही? पण संशयाला एकदा चूल मांडून दिली की तो रोज जेवायला बसतो. त्याने मला लोखंडी ट्रंकेत ठेवलं, कुलूप घातलं, चावी करगोट्याला बांधली आणि रविवारची खूणही बंद केली. अंघोळीलाही ती सोडायचा नाही. बंदूकही त्याने झाडली नाही, औषध संपेल म्हणून. बिनवापराची नळी गंजेल या भीतीने अधूनमधून तिला खोबरेलाचा हात द्यावा, असं सत्यवतीने सुचवलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचा उन्हाळा सरला. एका सकाळी त्याने ट्रंक उघडली, मला बाहेर काढलं. मी निम्म्याहून खाली गेले होते.

 तो बायकोवरच ओरडला, "दुसरी चावी केलंस तू! कोणाक देतंस औषध? शिरोड्याक धाडतंस?"

सत्यवतीने तीस वर्षं या माणसाचं ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी ती ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती. ती देवघरात गेली, कापराची डबी घेऊन आली आणि झाकण उघडून त्याच्यासमोर आपटली. आत कापराच्या दोन वड्या आणि मिऱ्यांचे पाच-सहा दाणे होते.

"ह्यात मिऱ्या कित्या घालतत, सांगा बघू."

"कापूर उडान जाता म्हणान," तो चिडून म्हणाला. "त्याचा हयसर काय?"

"बंद डब्यातलो कापूर कोण चोरता? कोणाकडे चावी आसता त्याची?"



मग तिने माझं बूच उपटलं. वरचं टोक, जे माझ्या आत कधीच नव्हतं, ते त्याच्या नाकाशी धरलं.

"हुंगा."

त्याने हुंगलं. पिकलेलं केळं आणि रॉकेल. बूच वरपासून खालपर्यंत माझ्याच वासाने भरलं होतं. जाळं तरंगावं म्हणून देवाने पोकळ केलेलं लाकूड ते, त्याच्या बारीक छिद्रांतून मी दोन उन्हाळे कपाटात आणि ट्रंकेत उडून जात होते. मलाही ते त्याच क्षणी कळलं. कोणी चोरलं नव्हतं. मीच पळून चालले होते, गुरुदासाने मायेने तासलेल्या बुचातून.

बाबलीने चष्मा काढला. बराच वेळ तो बूच हातात फिरवत राहिला. त्यावर कोयत्याचे बारीक बारीक घाव होते, अख्ख्या दुपारचे.

"त्याने सांगल्यान होता," तो म्हणाला. "देवासमोर सांगल्यान होता गो."

"होय," सत्यवती म्हणाली. 

पण लगेच भावाकडे निघणं त्याला जमलं नाही. चूक कळणं आणि पाय उचलणं यांत त्याची दोन वर्षं गेली. भाऊ काय म्हणेल, यशोदा दारात उभं करेल की नाही, तुकाराम गावभर हसेल, अशा नाना शंका. शेवटी बासष्ट साली, दिवाळी झाल्यावर, त्याने मला पिशवीत घातलं. कर्लीची खाडी होडीतून ओलांडली, पुढे एस.टी. धरली. सगळ्या वाटेत त्याचा हात पिशवीवर होता. मी तळाला दोन चमचे उरले होते.

शिरोड्याला माडांच्या बागेत गुरुदासाचं घर होतं. तो ओट्यावर नारळ सोलत बसला होता. केस पिकले होते. दादाला पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

बाबलीने घाईघाईने मला पिशवीतून काढलं. बोलायचं ते सगळं वाटेत पाठ करून आला होता. "गुरुदासा, ह्या बघ. बुचातसून उडान जाय होता. माका आता कळला. ही बघ पातळी, ही खूण..."

गुरुदासाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, तू माका भेटूक इलंस काय बाटली दाखवूक?"

बाबलीचा हात तसाच हवेत राहिला. 

"तिका भायर ठेव," गुरुदास म्हणाला. "नि तू घरात ये."

बाबलीने मला पायरीवर ठेवलं. आत गेला. मला आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.  आधी एक म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला, मग यशोदेने पाण्याचा तांब्या आणला आणि माशांच्या कढीचा वास दरवळला. दुपारभर दोघे जुन्या गोष्टी काढत बसले होते. एकदा मोठ्याने हसलेही. माझा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळची एस.टी. गाठायची म्हणून तो बाहेर आला तेव्हा गुरुदासाने त्याच्या हातात घरच्या घाण्यावरच्या खोबरेलाची बाटली दिली. "वयनीक दी."

"वयनीक कित्या?" बाबली म्हणाला. "बंदूक गंजली आसा माझी. तिका लावतंय."

ती बाटली छातीशी धरून तो पायरी उतरला. त्याचा पाय मला निसटता लागला. मी कलंडले, बूच घरंगळत गेलं. त्याने खाली पाहिलं नाही. भाऊ त्याला वाटेपर्यंत पोचवायला निघाला होता आणि तो मान वळवून त्याच्याशीच बोलत होता.

उरलेले दोन चमचे त्या रात्रीच उडून गेले. मी अजून इथेच आहे, माडाच्या बुंध्याशी. कागद पावसात गळून गेला, त्याच्याबरोबर खुणाही गेल्या. दर दिवाळीनंतर बाबली येतो, माझ्याजवळून ओट्यावर चढतो. मला उचलून उजेडात धरावं असं त्याला वाटत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी खुणेखाली गेली तर आधी तिचं बूच हुंगा. माणसाकडे नंतर बघा. आणि कधी शिरोड्याला आलात तर मला धुऊन त्यात काहीही भरा, माझी हरकत नाही. फक्त माझी साक्ष काढू नका.