माणशी एक पुडी

रविवारी सकाळी आमच्या गावच्या मंगल कार्यालयात लग्नाला जमणार नाही एवढी गर्दी जमायची. नाडीबाबा समोरच्या बाईचं मनगट धरायचा, डोळे मिटायचा आणि ओरडायचा, "काळजात घोडा उधळलाय! कुणी सोडला हा घोडा?" बाईची छाती आधीच धडधडत असायची, हात थरथरत असायचे. मग अंगाऱ्याची पुडी, वर दीड तास भजन. भजन संपेतो बाईचे हात स्थिर, नाडी संथ. "घोडा बांधला!" बाबा गरजायचा आणि सगळं कार्यालय त्याच्या पाया पडायचं. अंगारा कडू का, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "पाप गोड असतं का? गिळ!"

मी नाथाजी. लष्करी इस्पितळात अठ्ठावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो, नाड्या मोजण्यातच हयात गेली. पहिल्याच रविवारी मला खटकलं, की घोडा बांधायला देवाला दीड तास कशाला लागतो? पण मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझं मनगट कुणी धरलं नव्हतं, आणि त्या रांगेत उभं राहायचं माझ्याही मनात दोनदा आलं होतं.

शेजारच्या बनाबाई वहिनी दर रविवारी जायच्या. घरात जेवढी माणसं तेवढ्या पुड्या, असा बाबाचा शिरस्ता. वहिनी सांगायच्या, "चार. मी, इश्वजित, सून आन् नात सोनम." प्रत्यक्षात घरात त्या एकट्या. मुलगा विश्वजित शिरवळच्या कारखान्यात, बिऱ्हाड तिकडेच. दोन तासांची वाट, पण दिवाळीपासून फिरकला नव्हता. चारचौघांत एकटी आहे म्हणायची त्यांना लाज वाटायची. त्या तिघांच्या पुड्या देव्हाऱ्यात साठत गेल्या. तीन रविवारच्या नऊ झाल्या.

गावच्या यात्रेला मुलगा येणार म्हणून वहिनींनी पहाटेपासून पुरण घातलं होतं. दहा वाजता फोन आला, सुट्टी मिळत नाही. दुपारी मी डोकावलो तर त्या उंबऱ्याशी टेकून बसलेल्या, अंग घामाने गार. मनगट धरलं. मिनिटाला चौतीस ठोके.

"वहिनी, काय खाल्लंत?"

"आवं भावजी, पोरगं न्हाई येत म्हनलं. अंगारा पडून ऱ्हायला की दोष लागतो, बाबा म्हनत्यात. टाकायचा न्हाई, परत द्यायचा न्हाई. मग मीच खाल्ला समद्यांचा."

"किती?"

"आठ पुड्या. सोनमची येक ठिवलीया. ती येईल कवातरी."

ती एक पुडी खिशात टाकून मी त्यांना रिक्षाने साताऱ्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर प्रांजल यांनी विचारलं, "आजी, घरी कोण असतं?" वहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या, "चौघं." मी खाली बघितलं.

पहिल्या इंजेक्शनाने नाडी हलली नाही. मी पुडी पुढे केली. डॉक्टरांनी राख तळहातावर पसरली. त्यात पांढरा तुकडा होता, आणि त्यावर गोळी मोडायची सरळ खाच. "नाथाजी, नाडी इतकी मंद, म्हणजे ही धडधड कमी करायची गोळी आहे, कुटून घातलेली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ग्लुकागॉन मागवलं. मी ते फक्त साखर एकदम उतरलेल्या मधुमेह्यांना दिलेलं बघितलं होतं.

"डॉक्टर, साखर ठीक आहे त्यांची!"

"साखरेसाठी देत नाहीये. हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीला दारं असतात. माणूस घाबरला की अ‍ॅड्रेनलिन एका दारावर थाप मारतं. त्यासरशी आत एक निरोप तयार होतो, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू जोराने आवळतो. ही गोळी नेमकी त्या दारात ठाण मांडून बसते. थोडी घेतली तर धडधड थांबते, फार झाली तर हृदयच थकतं. ग्लुकागॉन हे पेप्टाइड हार्मोन, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्याचं दार वेगळं, पण आत तयार होणारा निरोप तोच."

दहा मिनिटांत नाडी बावन्नवर आली. मला तिथेच रडू आलं.

दीड तासाचं कोडंही सुटलं. भजन देवासाठी नव्हतं, गोळी अंगात भिनावी म्हणून होतं.

पुढच्या रविवारी मी बाबासमोर त्याच्याच थाळीतल्या आठ पुड्या मांडल्या. "खा महाराज. दीड तास तुमची नाडी धरून बसतो."

बाबा म्हणाला, "आज माझा उपवास आहे."

कार्यालयात कुणीतरी फिसकन हसलं. एक पुडी मी काचेच्या पेल्यात ढवळली आणि तळाचे पांढरे कण सगळ्यांना दाखवले. डॉक्टरांनी आधीच कळवलं होतं. पोलीस आले, बाबाला पुड्यांसकट घेऊन गेले.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एक म्हातारी म्हणाली, "गोळी तर गोळी. पन आता आमची नाडी कोन धरनार?"

मी एक खुर्ची ओढली आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी नाड्या मोजत बसतो. सगळ्यांना एकच सांगतो, छाती धडधडली तर डॉक्टरला दाखवा, आणि जे खाता ते काय आहे हे विचारल्याशिवाय गिळू नका. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही. एकटं वाटत असेल तर तसं सांगा. तो दोष नाही, आणि त्यावर राख चालत नाही.

बऱ्या झाल्यावर वहिनीही रांगेत आल्या. मी वही उघडली. नाव लिहिलं, ठोके लिहिले, बहात्तर. मग विचारलं, "घरी माणसं किती?"

त्यांनी मागे उभ्या असलेल्या बायांकडे एकदा बघितलं.

"येक," त्या म्हणाल्या. "लिवा भावजी. मी येकटीच हाय."